ओळीच्या आधीचं काम

मुलाला चार ओळी खटकेबाज लिहिता येतात, आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेत त्याच्या संवादांना टाळ्या पडल्या आहेत, गणित मात्र बेताचं आहे, असं दिसलं की घरातला कोणीतरी काका त्याला हमखास सांगतो : तू जाहिरातीत जा, तुझं डोकं चालतं. सल्ला वाईट नाही. पण जाहिरात म्हणजे चटकदार ओळ आणि ती सुचली की करिअर झालं, ही समजूत त्यामागे असते आणि ती मुलाला पुढे वीस वर्षं महागात पडते. या धंद्याकडे जवळून बघितल्यावर माझं मत असं झालं आहे की ओळ हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यात स्वस्त भाग आहे. पैसा, मान आणि टिकाव मिळतो तो ओळीच्या आधीच्या कामाला. विकायचं काय, कोणाला, आणि तो माणूस आजवर ते का घेत नाही, हे ठरवण्याचं ते काम. मराठी कॉपीरायटरला या कामापासून लांब ठेवलं गेलं. त्यालाही ते फारसं खटकलं नाही, हे जास्त वाईट.

मुंबईतल्या मोठ्या एजन्सीत मराठी जाहिरात कशी तयार होते ते बघा. क्लायंटचा ब्रँड मॅनेजर इंग्रजीत ब्रीफ देतो. एजन्सीतला प्लॅनर, ज्याला हल्ली स्ट्रॅटेजिस्ट म्हणतात, तो त्यावरून इंग्रजीतच एक कागद काढतो. हा गृहस्थ बहुधा मॅनेजमेंटच्या संस्थेतून आलेला असतो. त्या कागदावरून क्रिएटिव्ह टीम हिंदी स्क्रिप्ट लिहिते, तीही बरेचदा रोमन लिपीत. फिल्म हिंदीत चित्रित होते, मंजूर होते, आणि मग अगदी शेवटी ‘लँग्वेज’ सुरू होतात : मराठी, तमिळ, बंगाली, गुजराती. मराठी लेखकाच्या मेलवर हिंदी स्क्रिप्ट येऊन पडते आणि खाली सूचना असते, संध्याकाळपर्यंत हवं. तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्दांहून जास्त मावत नाहीत. पडद्यावरच्या बाईचे ओठ हिंदीत हलत असतात. जिथे ते मिटतात तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी यायला हवं, जिथे उघडे राहतात तिथे आकार. हे कसबाचं काम आहे आणि काही लोक ते फार सुरेख करतात. पण त्यात विचाराला जागा नाही. टीव्हीवरच्या मराठीत क्रियापद वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतं ते यामुळेच : मिळवा चमकदार केस, द्या त्वचेला पोषण, बनवा प्रत्येक क्षण खास. कुठल्याही मराठी घरात कोणी कोणाशी असं बोलत नाही. आपण त्यावर हसतो, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो आणि खापर त्या लेखकाच्या माथी फोडतो. बिचारा खोलीत शिरला तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं.

(दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण २०२२ साली कायद्यात दुरुस्ती केली. ठीकच झालं. पण आत विकल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल मराठी गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, हे अजूनही पाटीच्या मागे दुसऱ्या भाषेत ठरतं.)

विचार आणि लेखन यांची ही फाळणी कायमची नव्हती. जाहिरातीच्या जुन्या पिढीत विचार करणारा आणि लिहिणारा एकच माणूस असे. डेव्हिड ओगिल्वी कॉपीरायटर होण्याआधी स्कॉटलंडमध्ये दारोदार जाऊन आगा कंपनीच्या शेगड्या विकत होता. त्या अनुभवावर त्याने १९३५ साली कंपनीच्या विक्रेत्यांसाठी एक पुस्तिका लिहिली. पुढे अमेरिकेत गॅलपच्या संस्थेत जनमत चाचण्यांचं काम केलं. त्याची सगळ्यात गाजलेली हेडलाइन रोल्स रॉइससाठी १९५८ ची : ताशी साठ मैल वेगातही गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा. ही ओळ त्याला सुचलेली नाही. गाडीबद्दल तीन आठवडे वाचत बसला असताना एका मोटारविषयक नियतकालिकाच्या परीक्षणात ती त्याला सापडली. वाचायला बसायची बुद्धी झाली आणि सापडलेलं ओळखता आलं, एवढंच त्याचं कर्तृत्व. आणि तेवढं पुरे होतं.

विचाराचं वेगळं खातं निघालं ते १९६८ च्या सुमारास, लंडनमध्ये. जे. वॉल्टर थॉम्पसनमध्ये स्टीफन किंग आणि दुसऱ्या एजन्सीत स्टॅनले पॉलिट, या दोघांनी साधारण एकाच वेळी ‘अकाउंट प्लॅनिंग’ सुरू केलं. त्यामागचं कारण रास्त होतं. लेखक स्वतःच्या ओळीच्या प्रेमात पडतो आणि क्लायंट सांभाळणारा क्लायंटच्या. मग खोलीत गिऱ्हाइकाची बाजू कोणी मांडायची? ती प्लॅनरने मांडायची. ही व्यवस्था मला मान्य आहे. ओळ लिहिणाऱ्याला कोणीतरी हटकणारं हवंच. पण आपल्याकडे ती आली तेव्हा तिच्यात भाषेची आणि वर्गाची उतरंड मिसळली. गिऱ्हाइकाची बाजू मांडणारा माणूस गिऱ्हाइकाच्या भाषेत विचारच करत नाही, आणि जो करतो त्याला खोलीत बोलवत नाहीत, असा उलटा कारभार झाला.

जिथे ही भिंत मोडली तिथे काय झालं, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे पीयूष पांडे. २०२५ च्या ऑक्टोबरात ते गेले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या ओळी आठवल्या. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात मात्र कोणी फारशी आठवली नाही. जयपूरचा हा माणूस राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळला, चहा चाखण्याची नोकरी केली आणि १९८२ साली ओगिल्वीत आला तो लेखक म्हणून नव्हे, क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये. म्हणजे लिहिण्याआधी काही वर्षं त्यांनी क्लायंटच्या समोर बसून विक्रीची रड ऐकली. पुढे त्यांची फेव्हिकॉलची कामं गाजली, त्यात हे ऐकणं दिसतं.

फेव्हिकॉलचं मूळ दुखणं जाणून घेण्यासारखं आहे. पिडिलाइटने १९५९ साली हे पांढरं गोंद बाजारात आणलं तेव्हा सुतार सरस वापरत. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस तापवावा लागे, त्याला वास येई. नवी वस्तू सरसापेक्षा सोयीची होती. पण पैसे घरमालक देणार, दुकानदार विकणार आणि वापरणार तिसराच, सुतार. जाहिरात कोणाशी बोलणार? कंपनीने सुताराला धरलं. थेट त्याच्याकडे माणसं पाठवली, फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तकं काढली. घरमालकाने ‘तू आणशील ते आण’ म्हटलं की सुतार कोणतं नाव घेतो, त्यावर सगळं अवलंबून होतं. हा निर्णय जाहिरातीच्या कितीतरी आधीचा. पांडेंच्या फिल्ममध्ये गोंदाचं रसायन कुठेच नाही. गच्च भरलेली बस आहे, खेड्यातली माणसं आहेत, सुताराचा कट्टा आहे. जैसलमेरच्या वाळवंटातल्या त्या बसला पुढे कान महोत्सवात बक्षीस मिळालं, तेव्हा ती कल्पनाशक्तीची करामत म्हणून वाखाणली गेली. मला ती आधीच्या निर्णयाशी इमान राखणारी जाहिरात वाटते. सुताराच्या पंगतीत बसून केलेला विनोद आहे तो.

सर्फ पावडरच्या जाहिरातीतल्या ललिताजींचंही तसंच. अहमदाबादच्या निरमाने सर्फच्या कितीतरी खाली भाव लावून बाजार खाल्ला तेव्हा हिंदुस्तान लिव्हरला दोन वाटा होत्या : भाव पाडा, नाहीतर महाग का ते सांगा. अलिक पदमसींच्या लिंटासने तिसरी वाट काढली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैशाला जपणारी बाईच महाग पावडर घेते आणि का घेते ते तुम्हाला सुनावते. ‘स्वस्त’ आणि ‘चांगलं’ यांत फरक आहे हे कुठल्या बाईला कळत नाही? कळतंच. फक्त ते तिच्या तोंडून वदवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या जाहिरातीतलं शेवटचं समझदारीचं यमक काढून टाका, तरी ती उभी राहील. घासाघीस काढून टाका, मग काही उरत नाही.

आणि एक उदाहरण अस्सल मराठी घरातलं, ज्याला जाहिरातीच्या पुस्तकांत क्वचित जागा मिळते. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत विको सुरू केली. विको टर्मरिक हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा अबकारी कराचा प्रश्न होता. प्रसाधन ठरलं तर कर जबर, औषध ठरलं तर कमी. हा खटला वर्षानुवर्षं चालला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. आता ते जाहिरातगीत आठवा. आपण कॉस्मेटिक नव्हे, हे त्यात ठणकावून म्हटलेलं आहे. थिएटरात मध्यंतराला, आणि १९८४ साली विकोने पुरस्कृत केलेल्या ‘ये जो है जिंदगी’च्या आधी, आपण सगळे जी चाल गुणगुणलो तीत कंपनीची करविषयक भूमिका आणि बाजारातली जागा एकत्र होती. पाश्चात्त्य क्रीमांच्या रांगेत आम्ही नाही, आम्ही आजीच्या हळदीच्या रांगेत. एखाद्या महागड्या स्ट्रॅटेजिस्टने यासाठी साठ स्लाइड केल्या असत्या. पेंढरकर कुटुंबाला ते धंद्याच्या गरजेतून कळलं होतं.

मग मराठी माणूस या क्षेत्रात नव्हता का? होता, भरपूर होता. पण बहुतेक कला विभागात. जे. जे.ने पिढ्यान्पिढ्या चित्रकार, अक्षरकार, आर्ट डायरेक्टर पुरवले. अरुण कोलटकर हे मराठीतले मोठे कवी, पण जाहिरातीत त्यांचं नाव झालं ते दृश्य संकल्पनेसाठी. तिथले मानाचे पुरस्कार त्यांनी अनेकदा मिळवले. र. कृ. जोशी उल्कामध्ये होते आणि देवनागरी अक्षराचा त्यांनी जो विचार केला त्याचं फळ संगणकावरचा ‘मंगल’ हा फाँट वापरताना आपण आजही घेतो. या माणसांना कोणी ‘लँग्वेज’ म्हणून शेवटी बोलावलं नाही, कारण चित्राला भाषांतर लागत नाही. ते सुरुवातीपासून टेबलावर होते. शब्दाच्या बाजूला असं टेबल मराठी लेखकाला मिळालं नाही. भरत दाभोळकरांसारखा माणूस अमूलच्या होर्डिंगवर गाजला तो इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात शब्दखेळ करून. तेही मराठीपणच होतं, मुंबईचं. पण मराठीत नव्हतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. बाजार एकच आहे, माणसाच्या इच्छा सगळीकडे सारख्याच असतात, मग मराठीतून वेगळा विचार करून असं काय हाती लागणार? एक कल्पित काम घेऊन बघू. समजा, आयुर्विमा विकणाऱ्या कंपनीला सांगली, लातूर, अकोला या भागांत टर्म इन्शुरन्स खपवायचा आहे. दिल्लीहून आलेल्या ब्रीफमध्ये लिहिलेलं असेल : कुटुंबाचं सुरक्षित भविष्य. त्यावरून बाप मुलीला सायकल शिकवतो अशी फिल्म होईल. ती शंभर वेळा झालेली आहे. पण जरा त्या घरांत जाऊन बसा. पहिली गोष्ट कळेल ती ही की विमा त्यांनी घेतलेला आहे. कोणाकडून? बहिणीच्या दिरांकडून, शाळेतल्या सरांकडून, शेजारच्या भाऊंकडून. कशासाठी? भिडेखातर. मार्चअखेरीला ते चहाला आले, कागद पुढे केला, नाही कसं म्हणायचं? विमा किती रकमेचा, घराला पुरेल का, हे कोणी विचारलंच नाही. आणि ते विचारणं म्हणजे मरणाचा विषय काढणं. तो काढला की आजी म्हणणार, शुभ बोल रे नाऱ्या. म्हणजे अडचण अज्ञानाची नाही, पैशाचीही पूर्ण नाही. नात्याची भीड आणि अशुभाची धास्ती या दोघांच्या मध्ये तो निर्णय अडकला आहे. एवढं कळल्यावर ओळ लिहायला वेळ लागत नाही : ‘एक पॉलिसी भावजींच्या शब्दाखातर काढलीत. एक घराखातर काढा.’ ओळ उत्कृष्ट आहे असा माझा दावा नाही. पण सायकलच्या फिल्मचं मराठी करून इथपर्यंत पोचता येत नाही, हे नक्की. शिवाय गंमत अशी की हीच भीड कदाचित बिहारात, बंगालातही असेल. मग मराठीत केलेला विचार हिंदीत जाईल. उलटा प्रवास. तो आजवर का झाला नाही, याचं उत्तर बाजारात शोधू नका, बैठकीला कोण बसलं होतं त्यात शोधा.

अकोल्याचं आणि सांगलीचं मराठीही एक नाही, हे आणखी वेगळं. एजन्सीतलं मराठी बहुधा दादर-पार्ल्याचं असतं आणि त्या मराठीला स्वतःच्या प्रमाणपणाचा किंचित माज असतो. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून आलेल्या मुलाने पहिल्या महिन्यात आपली बोली झटकून टाकायचा जो आटापिटा केलेला असतो, तो मला फार उधळपट्टीचा वाटतो. घरचं सोनं मोडून बेन्टेक्स घ्यावं तसं.

आता हा प्रश्न निकडीचा का झाला आहे ते सांगतो. हिंदीतून मराठी करणं हे काम यंत्र काही सेकंदांत करायला लागलं आहे. चांगलं करतं का? बरेचदा नाही. पण ज्यांना हे काम हवं असे त्यांनी चांगलेपणाचे पैसे कधी दिले होते? त्यांनी दिले ते लवकरपणाचे, आणि लवकरपणात यंत्राशी कोण झुंजणार. मराठी लेखकाला जो एक कोपरा मिळाला होता तोच आधी जाणार आहे. एजन्सीच्या नावाचा आधार धरावा तर तोही राहिलेला नाही. जे. वॉल्टर थॉम्पसन १९२९ साली भारतात आली, तिच्या नावाच्या कार्डावर कित्येकांची लग्नं ठरली असतील. ते नाव २०१८ साली वंडरमनशी जोडलं गेलं आणि २०२३ साली व्हीएमएलमध्ये विरघळलं. बक्षिसांचं तर विचारूच नका. २०१३ साली फोर्ड फिगोच्या नावाने केलेली पोस्टरं बाहेर आली आणि जगभर छी-थू झाली, नोकऱ्या गेल्या. क्लायंटसाठी असं काम छापूनच येत नाही, ते परीक्षकांसाठी केलं जातं, हे गुपित त्यानिमित्ताने चव्हाट्यावर आलं. २०२५ मध्ये ब्राझीलच्या डीएम९ या एजन्सीला कानचं ग्रां प्री सोडावं लागलं, कारण मोहिमेचं यश दाखवणाऱ्या फिल्ममधली दृश्यंच बनावट होती. जाहिरातीने जाहिरातीचीच खोटी जाहिरात करावी, यापुढे काय बोलायचं!

खोटेपणावरून आठवलं. कॉपीरायटरला कायदा शिकवत नाहीत, आणि हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आलं आहे. जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. जाहिरातदारांनी स्वतःवर नियंत्रण ठेवण्यासाठी काढलेली एएससीआय ही संस्था १९८५ ची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आला आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याची सोय त्यात आहे. लेखक म्हणतो, दावा क्लायंटचा, मी फक्त शब्द दिले. फेअर अँड लव्हली १९७५ पासून गोरेपणाच्या आशेवर विकली गेली, २०२० साली तिचं नाव बदललं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत तिच्यासाठी किती हुशार लोकांनी किती सुंदर ओळी लिहिल्या असतील! त्यांना कोणी ‘हे विकायचं का?’ असं विचारलं नाही, कारण तो प्रश्न त्यांच्या टेबलावरून आधीच उचललेला होता. ज्याने विचार दुसऱ्याकडे सोपवला त्याची लाजही दुसऱ्याकडे जाते, आणि ते सोयीचं असतं. विचारात भाग मागणाऱ्याने ही सोय सोडायला तयार असावं.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने करायचं काय, तर पहिलं म्हणजे आपल्या ‘बुक’मध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात, नुसत्या हेडलाइन लावू नयेत. प्रत्येक जाहिरातीआधी एक पान साध्या मराठीत लिहावं : माल कोण घेतो, कोण घेत नाही, मी कोणाशी बोललो, काय ऐकलं. मुलाखत घेणारा ते वाचेलच असं नाही. वाचणारा भेटला तर तिथे नोकरी धरावी. दुसरं, सहा महिने तरी विकण्याचं काम करावं. किराणा, औषधं, मोबाइल, काहीही. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहिल्याशिवाय गिऱ्हाईक मागणं बदलतं कधी ते कळत नाही. तिसरं, आकड्यांना घाबरू नये. वितरण, मार्जिन, हंगाम हे शब्द ज्याला येत नाहीत त्याला ब्रँड मॅनेजर बैठकीत शोभेपुरता बसवतो. पुस्तकं वाचावीत, पण जाहिरातीची कमी.

आणि लहान मराठी उद्योजकांकडे पाठ फिरवू नये. मसालेवाले, उदबत्तीवाले, पतसंस्था, साड्यांची दुकानं, दुग्धसंघ. पैसे कमी मिळतात, कधी उशिरा मिळतात, मालक फोटो मोठा करायला सांगतात, हे सगळं खरं. पण तिथे मालक समोर असतो, मराठीत बोलतो, आणि विचारतो, ‘काय करावं म्हणता?’ हा प्रश्न मोठ्या एजन्सीतल्या मराठी लेखकाला पंधरा वर्षांत एकदाही विचारला जात नाही.

तेव्हा नोकरीच्या मुलाखतीत पगाराचं बोलून झालं की एक गोष्ट विचारून घ्या : ब्रीफच्या बैठकीला मी असणार का? उत्तर हो आलं तर दोन पैसे कमी असले तरी जा. ‘तुमचं काम नंतर सुरू होतं’ असं उत्तर आलं, तर गरज असेल तेवढेच दिवस ती नोकरी करा आणि दुसरी शोधायला लागा.